चार सिलिंडर, तीन नळ्या

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना, मी एका गाडीचं छप्पर कापलं. गाडी वीतभरसुद्धा लांब नाही. छप्पर म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं पांढरं प्लास्टिक. तरी करवतीचं पातं हातात धरून मी तीन संध्याकाळी नुसताच बसून काढल्या. पहिल्या दिवशी दिव्याचा उजेड नीट नव्हता, दुसऱ्या दिवशी पातं बोथट वाटलं, तिसऱ्या दिवशी तर सांगण्यासारखं कारणही सापडलं नाही. चौथ्या दिवशी अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"कापायचंय न्हवं? मग काप की. तिची परवानगी मागाय लागलायस का?"

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी 36 वर्षं लेथ चालवला. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून पावसाळ्याचे चार महिने ते माझ्याकडे पुण्यात असतात. इथे त्यांना करमत नाही. सकाळचा पेपर दहाला संपतो, मग दिवसभर ते घरातली ढिली झालेली प्रत्येक कडी, बिजागरी, नळाचा वॉशर शोधत फिरतात. यंदा जूनमध्येच सगळं दुरुस्त करून झालं होतं. त्यामुळे त्यांची नजर माझ्या टेबलाकडे वळणार हे उघड होतं.

टेबलावर होती 1932 सालची फोर्ड. तीन खिडक्यांची कूपे, म्हणजे दोन दारांची छोटी गाडी. 1/25 मापाचं मॉडेल. कॅलिफोर्नियाहून येताना मावसबहिणीने ते किट कपड्यांच्या घड्यांत घालून आणलं होतं. खोका उघडला की आत प्लास्टिकच्या फांद्या, आणि त्या फांद्यांना लटकलेले शंभरएक भाग. कैऱ्या लागाव्यात तसे. एकेक खुडायचा, देठाची खूण पॉलिशपेपरने घासायची, आणि जोडायचा. अण्णांनी पहिल्या दिवशी विचारलं, "किती पडलं?" मी निम्मी किंमत सांगितली. तरी ते अर्धा मिनिट गप्प होते.

आता ही गाडी का, आणि तिचं छप्पर का कापायचं, हे सांगायला हवं.

मला तिची हॉट रॉड करायची होती. हॉट रॉड कुठल्याही कंपनीने बनवलेली नसते. कंपनीने बनवलेली गाडी घ्यायची आणि वेगाच्या आड येणारं सगळं तिच्यावरून उतरवायचं, एवढंच तिचं शास्त्र. मडगार्ड काढा, बंपर काढा, बॉनेटच्या बाजू काढा, मागची सीट काढा. ही रीत जन्मली दक्षिण कॅलिफोर्नियात, 1930च्या दशकात. लॉस एंजेलिसपासून काही तासांवर मोहावीच्या वाळवंटात कोरडी तळी आहेत: म्युरॉक, एल मिराज, रोझामंड. हिवाळ्यात तिथे थोडाफार पाऊस पडतो, तळ्यात उथळ पाणी साठतं, वारा ते पाणी या काठावरून त्या काठावर ढकलत राहतो आणि तळाचा चिखल आपोआप सारवल्यासारखा होतो. उन्हाळ्यात तो वाळून कडक झाला की मैलोगणती सपाट जमीन मिळते. ना वळण, ना झाड, ना पोलीस. शहरातली पोरं जुनी फोर्ड गाडी घेऊन शनिवारी रात्री निघायची, तळ्यावरच झोपायची आणि पहाटे, वारा सुटायच्या आत, गाड्या पळवायची. अपघात वाढले तेव्हा त्यांच्याच क्लबांनी एकत्र येऊन 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली आणि वेळ मोजायची शिस्त लावली. युद्धाच्या काळात म्युरॉक लष्कराने पूर्णपणे घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हा हवाई दलाचा तळ आहे. पोरं युद्धावर गेली आणि परत आली ती वेल्डिंग, पत्राकाम, इंजिनकाम शिकून. बिल बर्क नावाच्या गड्याने 1946 मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावायची जादा पेट्रोलची टाकी भंगारातून आणली, तिला चाकं लावली, आत इंजिन बसवलं आणि तळ्यावर पळवली. जानेवारी 1948 मध्ये रॉबर्ट पीटरसनचं 'हॉट रॉड' मासिक निघालं, पुढच्याच वर्षी यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर शर्यती सुरू झाल्या, आणि काही तरुणांचं वेड हा रीतसर उद्योग झाला. तिथून पुढची गोष्ट मला तितकीशी रुचत नाही. एड रॉथने 'बीटनिक बँडिट'सारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या बुडबुड्याचं छप्पर असलेल्या गाड्या केल्या, त्यांची किट लाखो मुलांनी जोडली असतील, पण त्या बघून मला लग्नाच्या वरातीतली बग्गी आठवते. माझा जीव अडकलाय तो त्याआधीच्या काळात: धूळ, भंगार आणि पहाट.

आणि 1932चीच का? हेन्री फोर्डने त्या वर्षी सर्वसामान्य माणसाच्या गाडीत व्ही-आठ, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या दोन रांगांत चार-चार सिलिंडरांचं, इंजिन घातलं. 221 घन इंच, म्हणजे सुमारे 3.6 लिटर, आणि ताकद 65 अश्वशक्ती. तोवर आठ सिलिंडर हे श्रीमंतांचं प्रकरण होतं. शिवाय त्या सालच्या गाडीचं जोतं, म्हणजे चासीची बाजूची पट्टी, बाहेरून दिसेल अशी होती आणि तिच्यावर दाबून काढलेली एक लांब नक्षीची रेघ होती. बाकी गाड्यांचे मडगार्ड काढले की त्या पिसं उपटलेल्या कोंबडीसारख्या दिसतात. ही एकटी मडगार्ड काढल्यावर जास्त देखणी दिसते. बत्तीसमधल्या दोनावरून तिला तिकडे 'ड्यूस' म्हणतात, पत्त्यातली दुर्री. दहा-पंधरा वर्षांनी तीच गाडी जुन्या बाजारात पोरांच्या खिशाला परवडेल इतकी स्वस्त झाली, आणि दुर्रीने सगळे डाव मारले.

छप्पर कापायचं ते वाऱ्यासाठी. समोरून वाऱ्याला अडणारा भाग जितका कमी, तितकी गाडी कमी ताकदीत जास्त पळते. म्हणून खिडक्यांच्या खांबांतून दोन-तीन इंच कापून काढायचे आणि छप्पर खाली आणून परत जोडायचं. याला 'चॉप' म्हणतात. खऱ्या गाडीतले तीन इंच म्हणजे माझ्या गाडीतले तीन मिलिमीटर. गव्हाचा एक दाणा आडवा ठेवा, तेवढे.

पण या तीन मिलिमीटरांची गंमत अशी की गाडीचे खांब सरळ उभे नसतात. वर जाताना ते आत झुकतात. मधले तीन मिलिमीटर काढले की वरचा तुकडा खालच्यापेक्षा अरुंद पडतो आणि खांबाला खांब भेटतच नाही. पुढचे जुळवावेत तर मागचे सुटतात. खरे कारागीर तेव्हा छपराचे उभे-आडवे चार तुकडे करतात, ते एकमेकांपासून जरा दूर सारतात आणि मधल्या फटीत पत्रा भरतात. म्हणजे छप्पर बुटकं करायचं तर आधी ते लांब-रुंद करावं लागतं. हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि पातं टेकवणं वेगळं.

आणखी एक गोष्ट मला अडवत होती, ती मी अण्णांना सांगितली नाही. किटबरोबर येणारं पत्रक म्हणजे आज्ञाधारकपणाचा धडा. भाग क्रमांक 14 भाग क्रमांक 15 ला चिकटवा. गेली आठ-नऊ वर्षं मी असाच वागलो: रणगाडा असो, विमान असो, पत्रकात दाखवलंय तसंच. हॉट रॉडचं किट घेणं हीच मुळात विसंगती आहे. ज्यांनी कंपनीचं ऐकलं नाही त्यांची गाडी मी कंपनीचं पत्रक पाळून बनवणार! अमेरिकेतल्या एएमटी या किट बनवणाऱ्या कंपनीला हे 1958 मध्येच कळलं होतं. त्यांनी एका खोक्यात तीन गाड्यांचे भाग द्यायला सुरुवात केली: एक कारखान्यातून निघालेली, एक सजवलेली, एक शर्यतीची. कुठली करायची ते पोराने ठरवावं. आणि पोरं अर्थातच तिन्ही एकत्र कालवायची. उरलेले भाग बुटांच्या खोक्यात जमायचे आणि पुढच्या गाडीत शिरायचे. माझ्याकडेही तसा खोका आहे, पण नऊ वर्षांत मी त्यातला एक भागसुद्धा पत्रकात नसलेल्या जागी लावला नव्हता.

अण्णांनी माझं पातं हातात घेतलं, अंगठ्यावर आडवं फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "ह्यानं खाच कशी पडायची? आधी ओरखडा तरी पाड. मार्किंगशिवाय पातं टेकवायचं न्हाई." लोखंडावर ते मोरचूद लावायचे, तांब्याचा पातळ थर बसतो आणि त्यावर सुईची रेघ लख्ख दिसते. प्लास्टिकवर मोरचूद बसत नाही, तर मी चिकटपट्टी गुंडाळली होती. ते त्यांना पसंत पडलं. मग ते छत्री घेऊन खाली गेले. तासाभराने आले तेव्हा हातात तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा एक तुकडा होता. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याच्या ग्राइंडरवर त्यांनी त्याला आकडीसारखं टोक काढलं होतं. धरायच्या बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी. उद्यमनगरात प्रत्येक टर्नरच्या खणात अशी पाच-सहा हत्यारं असतात, दुकानात मिळत नाहीत. ते टोक चिकटपट्टीच्या कडेने ओढलं की प्लास्टिकची बारीक कुरळी साल निघायची. वीस-पंचवीस वेळा ओढल्यावर खांब आपोआप सुटायचा. करवत लागलीच नाही.

छपराचे चार तुकडे झाले. एका ताटलीत ते ठेवले तेव्हा अंड्याच्या टरफलासारखे दिसत होते. बायको चहा घेऊन आली, ताटलीत डोकावली आणि म्हणाली, "मोडली का?" अण्णा म्हणाले, "न्हाई, आता चालू झाली."

जोडायला मला नऊ दिवस लागले. मॉडेलचा पातळ सिमेंट हा खरं तर गोंद नव्हेच. तो प्लास्टिक विरघळवतो, दोन्ही कडा एकजीव होतात आणि द्रावण उडून जातं. म्हणून तो दोन भागांच्या फटीत ब्रशच्या टोकाने नुसता टेकवायचा, स्वतःच आत धावतो. घाई केली की बोटाचा ठसा कायमचा उमटतो. माझ्या गाडीच्या डाव्या दारावर असा एक आहे. फटींमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यावर लांबी (फटी बुजवायची पुट्टी), त्यावर वॉटर पेपर. पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. गाडीच्या रंगाचं गॅरेज ज्याने पाहिलंय त्याला वेगळं काही सांगायला नको. फक्त इथे सगळं काडेपेटीच्या मापाचं. शेवटी डावा खांब अर्धा मिलिमीटर तिरका राहिला. पंचविसाने गुणलं तर साडेबारा मिलिमीटर. एवढा फरक डेंटरने ठेवला तर गिऱ्हाईक गाडी सोडून जाईल. मी ठेवला.

काचा तर सगळ्याच नव्या कापाव्या लागल्या, किटमधल्या आता बसणार कशा. जुन्या पारदर्शक ओएचपी शीटचे तुकडे कामी आले. काच चिकटवायला फेविक्विक वापरायचं नाही हे मी एका विमानाच्या बळीवर शिकलोय: त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते. तिथे साधा फेव्हिकॉल. वाळला की पारदर्शक होतो आणि चूक झाली तर ओल्या बोळ्याने पुसता येतो.

पण अण्णा खरे गुंतले ते इंजिनात.

किटमधलं इंजिन नव्या जमान्याचं होतं. ते मी खोक्यात टाकलं आणि खोक्यातून दुसऱ्या एका फोर्डच्या किटमधलं जुनं फ्लॅटहेड, म्हणजे सपाट हेडचं इंजिन, काढलं. नऊ वर्षांतला पत्रकाबाहेरचा पहिला भाग. अण्णांनी ते चिमट्याने उचललं, भिंग लावलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक गोष्टी बघायचा नवा शौक लागलाय.

"हेड सपाट हाय. व्हॉल्व्ह कुठं हायत?"

मी म्हटलं, बाजूला, ब्लॉकमध्येच.

"साइड-व्हॉल्व्ह! मिलिटरीच्या जुन्या जीपला असायचं." ते खूश झाले. युद्धानंतर विकायला काढलेल्या विलीज जीप त्यांच्या लहानपणी कोल्हापुरात फिरत होत्या; त्यांच्या उस्तादांनी कितीतरी उघडल्या होत्या. सपाट हेड म्हणजे नुसतं झाकण. खरं काम सगळं खाली, ब्लॉकमध्ये. मग त्यांनी हेडवरचे नट मोजायला घेतले. 24 भरले. मी सांगितलं, सुरुवातीच्या इंजिनांना 21 होते, 1938च्या सुमारास 24 केले. ते मान डोलवत होते, आणि मध्येच थांबले. किटमधली धुराड्याच्या नळ्यांची जोडी त्यांच्या समोर पडली होती.

"ही एक कमी आलीय."

"काय?"

"व्ही-आठ म्हणजे एका बाजूला चार सिलिंडर. नळ्या तीनच. एक पाकिटात ऱ्हायली बघ."

मी पत्रक पाहिलं. फोटो पाहिले. तीनच. मला इतकी वर्षं हे दिसलं नव्हतं. मग शोधलं तेव्हा उलगडा झाला: मधल्या दोन सिलिंडरांचा धूर ब्लॉकच्या आतच एकत्र होतो आणि एकाच भोकातून बाहेर पडतो. आणि तिन्ही वाटा ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या मधल्या पाण्यातून जातात. व्हॉल्व्ह आतल्या बाजूला, व्हीच्या दरीत, आणि धूर काढायचा बाहेरच्या बाजूने. दुसरा रस्ताच नाही. म्हणून हे इंजिन तापतं. तापणं ही त्याची खोड नव्हे, स्वभाव आहे. तरी ते अमेरिकेत 1953 पर्यंत चाललं.

अण्णांना धुराड्यापेक्षा मोठा प्रश्न पडला. "म्हणजे ह्या एवढ्या वाटा आतून? आणि पाणी आतून? आणि आठ भोकं? हे कास्टिंग किती तुकड्यांत?"

एकाच तुकड्यात, मी म्हटलं.

ते भिंग खाली ठेवून बसले. उद्यमनगरात शेजारीच फौंड्री. ऑइल इंजिनांचे ब्लॉक ओतताना त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ओतकामात पोकळी हवी तिथे वाळूचा कोअर बसवायचा असतो, आणि कोअर जरासा हलला, जरा ओला राहिला की अख्खं कास्टिंग भंगारात. एक सिलिंडरचा ब्लॉकसुद्धा ब्लो होल, म्हणजे आत हवेचं भोक, निघालं की परत भट्टीत जायचा. फोर्डच्या आधी बहुतेक व्ही-आठ ब्लॉक दोन-तीन तुकड्यांत ओतून बोल्टांनी जोडत, म्हणूनच ते महाग. हेन्री फोर्डने सगळं एकाच ओतात बसवलं, आणि सुरुवातीला ढिगाने ब्लॉक फेकून दिले. अण्णांनी बोटांवर कोअर मोजायला सुरुवात केली, मग वहीत चित्र काढलं, मग रात्री जेवताना म्हणाले, "कोअर बसवणारा माणूस कोण असंल?" त्याचं नाव कुठे असणार? शर्यतीतल्या पोरांची नावं आहेत, मासिक काढणाऱ्याचं आहे. मी काही बोललो नाही.

त्यानंतर इंजिन त्यांचं आणि बॉडी माझी, अशी वाटणी न बोलता झाली. खराब इअरफोनची वायर सोलून त्यांनी केसासारख्या तांब्याच्या तारा काढल्या. स्पार्क प्लगच्या आठ तारा. मी म्हटलं, कशाही लावा, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, शोधून दिली: 1-5-4-8-6-3-7-2. ती त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून भिंतीला लावली. दूधवाल्याने एकदा विचारलं, हा कसला नंबर, लॉटरीचा का?

वरती तीन कार्बोरेटर. हे स्ट्रॉम्बर्ग 97. आतल्या अरुंद गळ्याचा व्यास 0.97 इंच, म्हणून नाव 97. कंपनीने एक दिलेला, पोरांनी तीन लावले. माझ्या मापात तो गळा एका मिलिमीटरचा. अण्णांनी सुईने तिन्हींना भोकं पाडली.

रंगाची गोष्ट मात्र माझ्या मूर्खपणाची आहे. मला गाडी काळी हवी होती, आरशासारखी. पाऊस थांबायची वाट बघायला हवी होती, बघितली नाही. प्रायमरचे दोन हात दिले, कारण रंगाचं थिनर थेट लागलं तर प्लास्टिकच खातं. आणि वर लॅकर मारला. मारताना सुंदर दिसला. दहा मिनिटांत त्याच्यावर सायीसारखा पांढुरका पडदा चढला. थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि पावसाळी हवेतलं बाष्प त्या थंड रंगावर बसून आतच अडकतं. गॅरेजवाले म्हणतात, रंग पांढरा पडला. कोरड्या तळ्यावर जन्मलेली गाडी मी ऑगस्टातल्या पुण्यात काळी करायला निघालो होतो. स्वयंपाकघरात, खोक्यात साठचा बल्ब लावून केलेल्या कपाटात वाळवली, तरी पडदा गेला नाही.

"ब्रेक ऑइल," अण्णा म्हणाले.

मी हसलो, मग हसू थांबलं. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइल सांडलं की रंग सुटतो हे कुठल्याही मेकॅनिकला माहीत असतं. किटच्या प्लास्टिकला मात्र ते काही करत नाही. जुन्या आइस्क्रीमच्या डब्यात गाडी बुडवली. हातमोजे घाला, आणि डबा स्वयंपाकघरापासून दूर ठेवा, हे वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे तो एक रात्र फ्रिजवर होता आणि त्यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी दात घासायच्या ब्रशने रंग सालीसारखा निघाला. लांबीही दोन ठिकाणी निघाली. पुन्हा भरली.

सप्टेंबरात एक दिवस चक्क ऊन पडलं. मी रेड ऑक्साइड प्रायमर मारला आणि गाडी पिठाच्या रिकाम्या डब्याखाली झाकून ठेवली, धूळ बसू नये म्हणून. संध्याकाळी डबा उचलला. कोनाड्यातल्या उजेडात ती गाडी मातीच्या रंगाची, चमक नसलेली, ठेंगणी बसली होती. आणि मला कळलं की काळा रंग आता मारायचा नाही. जुने फोटो सगळे असेच आहेत: अर्धी राखाडी, अर्धी तांबडी, प्रायमरवरच पळणारी गाडी. पोरांचे पैसे इंजिनातच संपायचे.

अण्णांना हे अजिबात पटलं नाही. "रेड ऑक्साइडवर माल सोडायचा न्हाई. गिऱ्हाईक काय म्हणंल?" आपल्याकडे हा रंग म्हणजे अर्धवट काम, बांधकामावरच्या खिडकीच्या गजांचा, पडून राहिलेल्या गेटचा. मी म्हटलं, गिऱ्हाईक मीच आहे. ते म्हणाले, मग तू वाईट गिऱ्हाईक हायस. दोन दिवस अबोला. मध्ये त्यांनी सुचवलं की निदान एक रेघ तरी ओढ. रेघांचीही तिकडे परंपरा आहे: केनेथ हॉवर्ड, ज्याला सगळे व्हॉन डच म्हणत, लांब केसांच्या ब्रशने मोकळ्या हाताने गाड्यांवर रेघा ओढायचा. तसे हात कोल्हापुरात ट्रक रंगवणाऱ्यांचेही आहेत, खारीच्या केसांचा ब्रश आणि एका श्वासात बॉनेटभर रेघ. माझा तसा हात नाही. मी एक ओढली, थिनरने पुसली.

उरलं होतं ते खालचं तळं. गणपतीच्या दिवसांत मुलीच्या शाळेतून शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा झाली, तिची उरलेली माती घरात होती. मूर्ती करणाऱ्याला तडा म्हणजे शत्रू. मला तडेच हवे होते. पहिला थर बोटभर जाड दिला, तर वाळून एवढ्या मोठ्या भेगा पडल्या की माझ्या मापात तिच्यात चाक गेलं असतं. थर जितका पातळ, भेगांची जाळी तितकी बारीक. शेवटी पोळीइतका पातळ दिला, फळीवर पसरला, पंख्याखाली ठेवला. सकाळी एल मिराज तयार होतं, पेणच्या मूर्तिकारांच्या मातीचं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे काका प्रसाद घेऊन आले. टीव्हीच्या कपाटावर गाडी होती. वाकून बघितली. "छान झालीय हो. रंग कधी देणार?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"ऱ्हायलाय अजून," ते म्हणाले. "पण ते सोडा. हिकडं या. हे भिंग घ्या. चार सिलिंडर हायत ह्या बाजूला. आता नळ्या मोजा."

काकांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि मोजायला वाकले.